ग्रेड नावाचे भाकीत

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्यांच्या भिंती अशा मऊ ऊतींत होणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का, पण प्रकार मात्र पन्नासांहून अधिक. एकेका प्रकाराचे रुग्ण इतके थोडे की, गाठ कोणती यापेक्षा ती किती आक्रमक आहे हा प्रश्न उपचार ठरवताना पुढे आला. त्याचे उत्तर म्हणजे ग्रेड. आता एमआरआय किंवा सीटी स्कॅनचे संगणकाने विश्लेषण करून ही ग्रेड शस्त्रक्रियेआधीच वर्तवण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीच्या जागी यंत्राचा अंदाज आणला जातो आहे, अशी त्यांच्याबद्दल तक्रार असते. पण ग्रेडचा इतिहास या तक्रारीला फारसा आधार देत नाही. ग्रेड हा सुरुवातीपासून अंदाजच होता.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगाच्या चार ग्रेड मांडल्या. गाठीतल्या किती पेशी मूळच्या निरोगी पेशींसारख्या दिसतात, यावर त्यांची विभागणी होती. पुढे १९३९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हीच दृष्टी फायब्रोसार्कोमाला लावली. आजची पद्धत मात्र फ्रान्समध्ये घडली. त्रोजानी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये १५५ रुग्णांच्या गाठी घेऊन सात निकष तपासले आणि रुग्णांचे पुढे काय झाले याच्याशी ते ताडून तीनच ठेवले: पेशींचे मूळ ऊतीशी साम्य, विभाजन होत असलेल्या पेशींची संख्या आणि गाठीचा मेलेला भाग. तिन्हींचे गुण मिळवायचे. बेरीज दोन-तीन आली तर ग्रेड एक, चार-पाच आली तर दोन, सहा ते आठ आली तर तीन. निवडीची कसोटी पेशीचे खरे स्वरूप ही नव्हती, भविष्य वर्तवण्याची क्षमता ही होती. दोनच वर्षांनी क्वांद्र यांच्या अभ्यासात १५ पॅथॉलॉजिस्टांनी २५ गाठी तपासल्या, तेव्हा ग्रेडबाबत ७५ टक्के एकमत झाले आणि गाठीच्या प्रकाराबाबत अवघे ६१ टक्के. हा आकडा पद्धतीच्या बाजूचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. पण ज्या मोजपट्टीवर स्कॅनला जोखायचे, ती चौथ्या भागाइतकी डगमगते हेही त्यातूनच कळते.

शिवाय शस्त्रक्रियेआधी पॅथॉलॉजिस्टच्या हाती पूर्ण गाठ नसते; सुईने काढलेले दोन-चार धागे, म्हणजे बायोप्सी, असते. मोठ्या सार्कोमात एका कोपऱ्यात शांत पेशी आणि दुसरीकडे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आणि मेलेला भाग असू शकतो. सुई शांत भागात गेली तर ग्रेड कमी येते. स्कॅनमध्ये निदान सगळी गाठ दिसते. आकार, आतली विषमता, गाठीभोवतालच्या ऊतीचे कॉन्ट्रास्टने उजळणे ही लक्षणे रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनीच वाचत आले होते. त्यांना आकड्यांत बसवण्याची विद्या वैद्यकाबाहेरून आली. रॉबर्ट हॅरालिक आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रतिमेच्या पोताचे गणित मांडले, ते वालुकाश्माची सूक्ष्मचित्रे आणि विमानातून व उपग्रहावरून टिपलेली जमिनीची छायाचित्रे ओळखण्यासाठी. शेजारशेजारचे करडे ठिपके किती वेळा सारखे, किती वेळा भिन्न, याची ती मोजदाद. २०१२ मध्ये फिलिप लाम्बँ यांच्या लेखाने अशा मोजमापांना 'रेडिओमिक्स' या नावाखाली कर्करोगात आणले. २०१९ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन केंद्रांच्या २२५ सार्कोमा रुग्णांच्या एमआरआयवरून ग्रेड वर्तवण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या विद्येवरचा सर्वांत बोचरा आक्षेपही त्याच वर्षीचा. फुफ्फुस आणि डोके-मानेच्या कर्करोगांवरचे एक गाजलेले रेडिओमिक्स सूत्र पुन्हा तपासले, तेव्हा ते मुख्यतः गाठीचे आकारमानच मोजत असल्याचे निघाले. म्हणजे शेकडो आकडे जमवून शेवटी फूटपट्टीच! हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. नुसत्या आकारापेक्षा आपले सूत्र सरस ठरते हे जो अभ्यास दाखवत नाही, त्यावर विसंबू नये. गणना करणारी संगणक-प्रणाली बदलली की आकडे बदलतात, ही तक्रारही खरी होती. तिच्यावर काम तरी झाले: २०२० मध्ये २५ संशोधक गटांनी १६९ मोजमापांची गणना कशी करायची यावर एकमत घडवले. तिसरा आक्षेप तर्काचा आहे. सूक्ष्मदर्शकाच्या उत्तरांवरून शिकलेले यंत्र सूक्ष्मदर्शकाच्या पुढे कसे जाणार? उत्तर असे की, ते सुईच्या तुकड्यावरूनच शिकायला हवे असे नाही, शस्त्रक्रियेत काढलेल्या संपूर्ण गाठीच्या ग्रेडवरून शिकू शकते. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयातल्या गटाने पोटामागच्या सार्कोमांबाबत हेच केले. १७० रुग्णांच्या सीटी स्कॅनवर सूत्र घडवून ते इतर केंद्रांतल्या ८९ रुग्णांवर पडताळले. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सूत्राने ८२ टक्के गाठींची ग्रेड बरोबर सांगितली, बायोप्सीने ४४ टक्के. एवढ्या लहान गटावरून बायोप्सी मोडीत काढायचे कारण नाही. गाठ मुळात सार्कोमा आहे की लिम्फोमा हा वेगळाच कर्करोग, हे ठरवायला ऊतीचा तुकडाच लागतो. मात्र गाठीतला सर्वांत बिघडलेला भाग कुठे आहे हे स्कॅन दाखवत असेल, तर सुई तिथेच घालता येते.