भूलभुलैयाचे मर्म

महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण लखनौकर त्यांना प्रथम बडा इमामबाडा दाखवावयास नेतो. भूलभुलैयात त्यांची वाट चुकते, हशा पिकतो आणि नवाबी विलासाचा आणखी एक नमुना पाहिल्याचे समाधान घेऊन मंडळी परततात. वस्तुतः या वास्तूचा जन्म विलासातून नव्हे, उपासमारीतून झाला आहे.

1784 च्या सुमारास अवधवर भीषण दुष्काळ ओढवला असता, प्रजेच्या हातांना काम व मुखी अन्न मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने हे बांधकाम आरंभिले. प्रतिष्ठित घरांतील माणसे कोणी ओळखू नये म्हणून रात्रीच्या अंधारात कामावर येत, अशी आख्यायिका आहे.

स्थपती किफायतुल्ला याच्यापुढील पेच बिकट होता. मोहरमच्या मजलिशीसाठी विशाल दालन हवे. मध्ये खांबांचा अडथळा नको. हा प्रदेश गाळाच्या मातीचा. येथे दगड दुर्मिळ. हाताशी मुख्यत्वे पातळ लखौरी विटा आणि चुना. एवढ्या सामग्रीतून त्याने सुमारे 50 मीटर लांब, 16 मीटर रुंद व 15 मीटर उंच दालन उभारले. त्याच्या कमानदार छताला ना तुळईचा आधार, ना लोखंडाचा!

अशा छताचा भार आणि बाहेरच्या बाजूस बसणारा रेटा पेलावयास भिंती जाड हव्यात. परंतु त्या भरीव ठेवल्यास त्यांचेच ओझे अनावर व्हावयाचे. म्हणून दालनाभोवती व छतावर त्याने पोकळ्या राखल्या; त्यांतून अरुंद वाटा, जिने आणि एकसारखी दारे गुंफली. वजन घटले, वारा खेळू लागला. तोच हा भूलभुलैया! ज्यास आपण गंमत समजतो, तो या वास्तूचा आधार आहे. भिंतींवरील चुन्याच्या नक्षीदार गिलाव्याचेही तसेच. तो डोळ्यांना सुखवितो आणि विटांना पावसापासून जपतो.

पेशवेकालीन वाड्यातील सुरूचा खांब येथे आठवतो. कोरीव, डौलदार, पण माडीचा भार शिरावर घेऊन उभा. लाकूड असो वा वीट, सौंदर्य आणि उपयुक्तता यांचा संसार असा एकत्र नांदला तरच वास्तू टिकते.

आसफउद्दौला आज त्याच छताखाली चिरनिद्रा घेत आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांसमवेत तेथे जाल, तेव्हा त्या अंधाऱ्या वाटेत क्षणभर थांबून भिंतीवर हात ठेवा. दुष्काळात राबलेल्या अनाम हातांनी तिची एकेक वीट रचलेली आहे.