पंचांगातला हर्षल आणि बाथ गावचा संगीत मास्तर

आज ग्रहताऱ्यांबद्दल ऐकायला मिळेल म्हणून जे आले असतील त्यांची थोडी निराशा होईल. मी बोलणार आहे शिकवण्या घेऊन पोट भरणाऱ्या एका संगीत मास्तराबद्दल आणि त्याच्या घरातल्या पसाऱ्याबद्दल.

पण सुरुवात पंचांगापासून करू. युरेनसला आपल्याकडे राशिभविष्यात काय म्हणतात? हर्षल. गुरू, शनी, राहू, केतू या मंडळींत तो इतका सहज बसलाय की शब्द संस्कृतच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात ते एका जर्मन माणसाचं आडनाव आहे, विल्यम हर्शेल. जन्म 1738, हॅनोव्हर. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे, मुलगाही त्याच बँडमध्ये लागला. 1757 साली फ्रेंचांनी हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव केला आणि हा पोरगा इंग्लंडला निघून आला. तिथे आधी लोकांच्या स्वरलेखनाच्या नकला करून दिल्या, मग उत्तर इंग्लंडात गावोगाव वाजवत फिरला. शेवटी बाथ या गावी ऑक्टॅगन चॅपल नावाच्या प्रार्थनागृहात ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली. बाथ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. श्रीमंत लोक तिथे हवापालटाला येणार, त्यांच्या मुली गाणं शिकणार. मास्तरांची चलती होती. दिवसाला सहा, सात, कधी आठ शिकवण्या, शिवाय मैफली, शिवाय स्वतःच्या रचना. दोन डझन सिंफनी त्याच्या नावावर आहेत.

आता असा माणूस रात्री घरी आल्यावर काय करेल? झोपेल. हा पुस्तक घेऊन अंथरुणात शिरायचा. रॉबर्ट स्मिथ नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाचं स्वरमेळाच्या गणितावर एक पुस्तक होतं. ते वाचलं, आवडलं, म्हणून त्याच लेखकाचं दुसरं हातात घेतलं. ते निघालं प्रकाशशास्त्रावर, आणि त्यात दुर्बीण कशी करायची ते लिहिलेलं. छंद असाच लागतो बघा, एका लेखकाचं बोट धरून आपण भलत्याच गल्लीत शिरतो. मे 1773 मध्ये त्याने खगोलशास्त्राचं एक पुस्तक विकत घेतलं. तेव्हा वय चौतीस.

आधी भिंगांची दुर्बीण करून पाहिली. नळी इतकी लांब लागायची की ती वाकायची. पुठ्ठ्याची एक नळी तर बहिणीकडून करून घेतली. मग आरशाची दुर्बीण भाड्याने आणली. मग मोठ्या आरशाची किंमत काढायला गेला, तर तेवढा मोठा आरसा कुणी करतच नव्हतं. बाथमध्ये एक गृहस्थ हाच छंद सोडण्याच्या बेतात होते. त्यांची हत्यारं आणि अर्धवट घासलेले आरसे याने घेतले आणि घरी काम सुरू केलं.

इथे जरा थांबतो, कारण आरसा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काच येते. हे आरसे धातूचे असायचे. साधारण दोन भाग तांबं, एक भाग कथील. आपल्या काशाच्या भांड्याचाच भाऊबंद, फक्त कथील जास्त, त्यामुळे पांढरा चकचकीत आणि काचेसारखा ठिसूळ. आधी तो ओतायचा, मग घासून त्याला बरोब्बर खोलगट आकार द्यायचा, मग डांबरासारख्या राळेवर झिलई करायची. आकारात केसाच्या कितीतरी लहान अंशाएवढी चूक झाली तरी तारा पसरट दिसतो. झिलईच्या शेवटच्या टप्प्यात हात थांबवायचा नाही. एकदा सात फुटी दुर्बिणीचा आरसा पुरा करताना विल्यमने सलग सोळा तास हात काढला नाही. बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती आणि मधूनमधून ‘डॉन क्विक्झोट’ नाहीतर अरबी सुरस गोष्टी वाचून दाखवत होती.

घराचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीची नळी आणि स्टँड करतोय, निजायच्या खोलीत दुसऱ्या भावाने भलाथोरला लेथ मांडलाय. मैफलीला घालायच्या कपड्यांच्या लेसच्या झालरी राळेने बरबटताहेत, फाटताहेत. हे सगळं कॅरोलाइनने लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं. तिचा सूर कौतुकाचा आहे, पण वैतागही लपत नाही. आपल्याकडे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

आता या भाकऱ्या उपयोगी कशा पडल्या? रूढ गोष्ट अशी की हर्शेलचं नशीब फळफळलं आणि ग्रह सापडला. 13 मार्च 1781, रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, न्यू किंग स्ट्रीटवरच्या घराच्या बागेत, आपल्या हातच्या सव्वासहा इंची आरशातून त्याला एक ठिपका दिसला. तो ताऱ्यासारखा टोकदार नव्हता, बारीक चकतीसारखा होता. त्याने भिंगाची शक्ती वाढवली, चकती मोठी झाली. आणखी वाढवली, आणखी मोठी झाली. तारे तसे मोठे होत नाहीत. त्याला वाटलं धूमकेतू असेल. ग्रह आहे हे पुढे गणितज्ञांनी कक्षा मांडल्यावर ठरलं.

पण हा ठिपका त्याआधी कुणी पाहिलाच नव्हता का? पाहिला होता की! फ्लॅमस्टीड या इंग्लंडच्या पहिल्या राजज्योतिर्विदाने 1690 सालीच तो तारा म्हणून नोंदवला होता. फ्रान्सच्या ल मोनिएने अनेकदा नोंदवला होता. ग्रह सर्वांच्या डोळ्यांसमोरून जात होता आणि प्रत्येकाने त्याला तारा समजून पुढचं पान उलटलं. हर्शेलला नशिबाची भाषा आवडत नसे. आपण आकाश क्रमाने तपासत होतो, त्या रात्री या ग्रहाची पाळी आली, एवढंच त्याचं म्हणणं.

दुसरी एक गोष्ट त्याने मित्राला पत्रात लिहिली, ती मला जास्त मोलाची वाटते. त्याची भिंगाची शक्ती इतकी मोठी असते यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. तो म्हणाला, पाहणं ही शिकायची कला आहे, आणि मी पाहतो तसं एकदम कुणी पाहावं म्हणणं म्हणजे न शिकलेल्या माणसाला ऑर्गनवर हॅन्डेलची अवघड रचना वाजवायला सांगण्यासारखं आहे. म्हणजे रियाज! वीसेक वर्षं रोज बोटं घासलेल्या माणसाला हे ठाऊक होतं की डोळाही घासावा लागतो. त्याच्या व्यवसायाने छंदाला काय दिलं याचा इतका स्पष्ट कबुलीजबाब दुसरा सापडायचा नाही.

यशानंतरही फजिती सुटली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन फुटी आरसा ओतायचा घाट घातला. साचा मातीत घोड्याची लीद मिसळून करायचा होता, आणि ती लीद कॅरोलाइन खलात कुटून चाळत होती. ओतायच्या वेळी भट्टीला गळती लागली, तापलेला रस दगडी फरशीवर पसरला आणि फरशा फुटून छतापर्यंत उडाल्या. सगळे मिळेल त्या दारातून पळाले. विल्यम विटांच्या ढिगावर दमून कोसळला.

1782 च्या उन्हाळ्यात राजाचं बोलावणं आलं. सात फुटी दुर्बीण ग्रिनिचला नेली आणि तिथल्या सरकारी दुर्बिणींशेजारी उभी केली. घरगुती दुर्बीण सरस ठरली. ग्रहापेक्षा मी या दिवसाला महत्त्व देतो, कारण शोध एकदाच लागतो, पण हातातलं कसब पुन्हा पुन्हा दाखवता येतं. राजा तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला 200 पौंड पगार दिला.

आता हिशेब बघा. संगीतातून त्याला याच्या जवळजवळ दुप्पट मिळत होते! ‘छंदाचं करिअर केलं’ हे वाक्य आपण हल्ली फार ऐकतो, त्यात हा पगारकपातीचा भाग कुणी सांगत नाही. आणि त्याआधीची नऊ वर्षं छंदाला पोसलं कोणी? शिकवण्यांनी. ती घट त्याने भरून काढली तीही त्याच कसबावर, दुर्बिणी करून विकून. स्पेनच्या राजाला पुढे एक पंचवीस फुटी दुर्बीण विकली ती 3,150 पौंडांना.

राहिली कॅरोलाइन. लहानपणी टायफसच्या तापाने तिची वाढ खुंटली होती आणि आईला ती घरकामाला हवी होती. 1772 मध्ये विल्यम तिला बाथला घेऊन आला, तेव्हा तिच्याऐवजी मोलकरीण ठेवायला आईला पैसे बांधून द्यावे लागले. बाथला ती गाणं शिकली, हॅन्डेलच्या ‘मसाया’त मुख्य गायिका म्हणून उभी राहिली. तिला बाहेरगावचं आमंत्रणही आलं होतं. भावाशिवाय दुसऱ्याच्या हाताखाली गाणार नाही म्हणून तिने ते नाकारलं. आणि मग भावाने संगीतच सोडलं. विल्यमचा छंद फळला तेव्हा तिचा धंदा बुडाला, आणि तिला विचारलं होतं असं कुठे दिसत नाही.

डॅचेटला गेल्यावर तिच्या हाती छोटी दुर्बीण आली. पाढे म्हणे तिला कधी पाठ झाले नाहीत, कागद जवळ ठेवायची. पण नोंदी आणि आकडेमोड तिचीच. 1 ऑगस्ट 1786 ला तिने पहिला धूमकेतू शोधला, पुढच्या अकरा वर्षांत आणखी सात. 1787 मध्ये राजाकडून तिलाही पगार सुरू झाला, भावाची मदतनीस म्हणून, वर्षाला 50 पौंड. ऑक्टोबरात पहिला हप्ता हातात पडला, साडेबारा पौंड. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. आपल्या मर्जीने खर्च करता येतील असे आयुष्यातले हे पहिलेच पैसे, असं तिने लिहून ठेवलंय.