गोठा, पाणवठा आणि आपले पोट

मराठवाड्याचा इतिहास सांगावयाचा म्हटला की राष्ट्रकूटांचे कंधार, निजामाची राजवट आणि १९४८ साली मिळालेली मुक्ती ह्यांवरच आपली वाणी खर्ची पडते. ज्या जनावरांच्या खांद्यावर हा मुलूख नांगरला गेला, त्यांची आठवण आपल्याला माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेपुरतीच. नांदेडकडचे लाल कंधारी आणि लातूरकडचे देवणी ही गुरांची नामांकित घराणी. पण ह्या सोबत्यांशी आपले आणखी एक नाते आहे, आणि ते पोटाच्या रोगांचे आहे.

पटकी आणि विषमज्वर हे माणसाकडून माणसाला होणारे रोग. कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू तळ्याच्या पाण्यात दाखविला, तेव्हापासून माणसाची घाण टाळली म्हणजे पोट सांभाळले, असे वाटणे साहजिकच होते. तथापि १८८५ साली अमेरिकेत सॅमन आणि थिओबाल्ड स्मिथ ह्यांनी डुकरांत एक जंतू हुडकला. पुढे त्या कुळालाच साल्मोनेला हे नाव पडले. १८८८ साली जर्मनीत फ्रँकनहाउझेन येथे एक आजारी गाय कापली गेली. तिचे मांस खाणारे अनेक लोक अंथरुणाला खिळले, एक तरुण दगावला. गेर्टनरने गाईच्या मांसात आणि त्या तरुणाच्या शरीरात एकच जंतू दाखविला. गोठ्यातला रोग आणि घरातला रोग एक असू शकतो, हे तेव्हा कळले. १९७७ साली इंग्लंडात स्किरोने कॅम्पिलोबॅक्टर ह्या जंतूचे बिंग फोडले. तो कोंबडीच्या आतड्यात बिनबोभाट नांदतो. कोंबडी धडधाकट दिसते आणि हगवण लागते माणसाला.

आता आपल्या दाराशी या. १९७२ च्या दुष्काळाची आठवण वडीलधाऱ्यांना आहे. २०१६ च्या एप्रिलात तर मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातुरास आली! पाणी आटले म्हणजे गुरे आणि माणसे एकाच डबक्याच्या काठी येतात. आणि घागर मोजकी असली की पहिली काटकसर होते ती हात धुण्यात. शेणाने सारवलेला हात मग तसाच भाकरीला लागतो. हा दोष गृहिणीचा नव्हे, रिकाम्या रांजणाचा आहे.

दूध उकळून घेण्याची आपली चाल शहाणपणाची. ती सोडू नये. मांस व अंडी पुरती शिजवावीत, आजारी जनावर कापून खाऊ नये, पाणवठे वेगळे ठेवावेत. गुरांना मनास येईल तशी प्रतिजैविके टोचू नयेत; त्याने जंतू निर्ढावतात, आणि उद्या तेच औषध आपल्या लेकराला लागू पडत नाही.

उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, नांदेडला आणि लातूरला माणसांची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गुरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर ह्यांनी एका ओसरीवर बसावे, एवढेच आमचे मागणे आहे. जंतूंनी आपल्यातली ही भिंत कधीच मानलेली नाही.