लाखोळीची डाळ: १९६१ मध्ये बंदी आलेली ही डाळ विषारी आहे की पौष्टिक?

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या आठवडी बाजारात फिरलात तर हरभऱ्याच्या भाजीशेजारी आणखी एक हिरवी, कोवळी पालेभाजी दिसते. ती लाखोळी. कुणी लाख म्हणतं, कुणी लाखोरी. हिंदी पट्ट्यात हिलाच खेसारी किंवा तिवरा म्हणतात. भंडारा-गोंदियाकडच्या घरांत हिच्या डाळीचे वडे आणि बेसनाचा झुणका पिढ्यान् पिढ्या होत आलाय.

आता हेच नाव मोबाइलवर शोधा. एक व्हिडिओ सांगतो, "गरिबांचं सुपरफूड, भरपूर प्रोटीन, शून्य रसायन." दुसरा म्हणतो, "ही डाळ खाल्ली की पाय कायमचे जातात."

गंमत म्हणजे दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच विषय नीट समजून घ्यायला हवा.

लाखोळी म्हणजे नक्की काय?

लाखोळीचं शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटायव्हस. वाटाण्याच्या कुळातलं हे कडधान्य आहे. दाण्यात साधारण पाव भाग प्रथिनं असतात, म्हणजे तूर किंवा हरभऱ्यापेक्षा कमी नाहीतच, उलट थोडी जास्त.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याच्या रामटेक-मौदा भागात मुख्य पीक धानाचं. धान कापणीला येण्याच्या थोडं आधी, उभ्या पिकातच, ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. धान कापून झालं की खाली लाखोळी वाढायला लागलेली असते.

पर्यावरणवाल्यांना ती का आवडते?

कारण ती जवळजवळ काहीच मागत नाही. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही, खताचा खर्चही फारसा नाही. बांधीत उरलेल्या ओलाव्यावर पीक निघतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, त्याचा फायदा पुढच्या धानाला होतो. कोवळा पाला भाजीला, दाणा डाळीला आणि उरलेलं कुटार जनावरांना.

पाणी साचलं तरी ती तग धरते, पाऊस दगा देऊन गेला तरी तग धरते. बाकी सगळं जळून गेल्यावरही शेतात उभं राहणारं हे पीक आहे.

आणि नेमकी इथेच खरी अडचण सुरू होते.

मग पाय जाण्याचा प्रकार काय आहे?

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन तुम्ही ऐकला असेल. त्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सागर भागातली एक हकिकत लिहून ठेवली आहे. हे सागर नागपूरच्या उत्तरेला, आजच्या मध्य प्रदेशात. १८२९ पासून सलग काही वर्षं तिथलं गव्हाचं पीक हातचं गेलं. कधी गारपीट, कधी दुष्काळ, कधी रोग. शेतात उरली ती तिवरा, म्हणजे आपली लाखोळी. लोकांनी तीच खाऊन दिवस काढले. त्यानंतर गावागावांत तरुण माणसांच्या पायांतली ताकद गेली. अनेकांना ती परत कधीच मिळाली नाही.

या आजाराला न्यूरोलॅथिरिझम म्हणतात. आधी पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड आणि ताठ होतात. मग माणूस चवड्यांवर चालायला लागतो, पाय एकमेकांत अडकतात, काठी लागते. आजार वाढला तर रांगावं लागतं. मज्जारज्जूकडे जाणाऱ्या, हालचाल घडवणाऱ्या पेशींचं नुकसान झालेलं असतं आणि ते भरून येत नाही. आजही यावर इलाज नाही.

हा फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदमध्ये लोक याच पिठावर जगले, त्यावर चित्रकार गोयाने एक चित्र केलंय. दुसऱ्या महायुद्धात वाप्न्यार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे खायला दिले गेले आणि शेकडो जण पांगळे झाले. इथिओपियात दुष्काळाच्या वर्षांत पुन्हा पुन्हा हेच घडलं.

स्वतंत्र भारतात सगळ्यात वाईट उदाहरण रीवा-सतना भागातलं. तिथे वेठबिगार शेतमजुरांना मजुरी म्हणून पैशांऐवजी खेसारीच दिली जायची. घरात दुसरं धान्यच नाही, त्यामुळे तिन्ही त्रिकाळ तीच.

१९६१ मध्ये केंद्राने अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत या डाळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आणली.

विष कुठलं, हे नंतर कळलं

बंदी आली तेव्हा नेमका दोषी घटक कोणता हे माहीत नव्हतं. १९६४ मध्ये एस. एल. एन. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. त्याचं नाव ओडॅप. हे एक अमिनो आम्ल आहे, झाड ते स्वतःच तयार करतं. कुठल्याही फवारणीचा यात संबंध नाही.

"नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षितच" असं मानणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. सेंद्रिय शेतात, देशी बियाण्यातून आलेल्या लाखोळीतही ओडॅप असतं. उलट पाण्याचा ताण पडला की झाडात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे दुष्काळात माणसाला या डाळीची गरज सगळ्यात जास्त, आणि त्याच वेळी ती सगळ्यात जास्त घातक.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अधूनमधून लाखोळी खाणारे लाखो लोक धडधाकट आहेत. जिथे जिथे साथ आली तिथे एकच गोष्ट दिसते: माणसाच्या जेवणाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग ही डाळच होती, तेही सलग दोन-तीन महिने किंवा अधिक. सोबत भात, पोळी, भाजी, दूध काही नव्हतं. इथिओपियातल्या अभ्यासांतही हेच दिसलं की ज्या घरांत ही डाळ इतर धान्यांत मिसळून खाल्ली जायची, तिथे आजाराचा धोका कमी होता.

नागपूरचा या कथेशी संबंध काय?

बंदीविरुद्धचा सगळ्यात चिवट आवाज नागपुरातून आला. इथले आहार अभ्यासक डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला, उपोषणं केली. त्यांचं म्हणणं असं की पूर्व विदर्भातले लोक ही डाळ कायम खात आले, बंदीने गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रथिन आणि शेतकऱ्याचं बिनखर्चाचं पीक हिरावलं.

महाराष्ट्राने २००८ मध्ये आपल्याकडची बंदी उठवली. पुढे २०१५-१६ च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला. रतन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं, तर उरलेले दोन रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे. जुन्या वाणांच्या तुलनेत यांत ओडॅप बरंच कमी असतं.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही हलका नाही. दुकानातल्या डाळीकडे पाहून ती कुठल्या वाणाची हे ओळखता येत नाही. आणि पायांचं नुकसान झालं तर ते आयुष्यभराचं.

राज्याराज्यांत वेगळं चित्र दिसतं त्याचं कारण मूळ नियमातच आहे. बंदी कधीपासून लागू करायची हे अधिसूचना काढून राज्य सरकारने ठरवायचं, अशी ती तरतूद होती. म्हणून छत्तीसगड, बिहार, पश्चिम बंगालमध्ये हे पीक कधी थांबलंच नाही.

घरी करायची असेल तर

ओडॅप पाण्यात विरघळतं. जुन्या बायकांची पद्धत इथे कामी येते.

• डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. दुसऱ्या पाण्यात पुन्हा भिजवलं तर आणखी चांगलं.
• वरण करायचं असेल तर जास्त पाण्यात उकळून वरचं पाणी काढून टाका. या पद्धतीने ओडॅपचा मोठा भाग निघून जातो, सगळा नाही.
• वड्यांसाठी भिजवलेली डाळ निथळून जाडसर वाटा. हिरवी मिरची, लसूण, जिरं, सांबार म्हणजे कोथिंबीर घाला आणि तळा. नुसतं तळल्याने किंवा भाजल्याने ओडॅप पूर्ण जात नाही, म्हणून भिजवणं टाळू नका.
• न भिजवता दळलेल्या बेसनात हा फायदा मिळत नाही. त्याचा झुणका कधीतरीच.
• रोज नको. तूर, मूग, हरभरा, मसूर यांच्या जोडीला ही एक डाळ असू द्या. सोबत भात किंवा पोळी आणि भाजी हवीच.
• पाल्यातही ओडॅप असतं. हिवाळ्यात कधीतरी भाजी ठीक, रोजचा स्मूदी नको.
• लाखोळी खाण्यात असताना पाय ताठ वाटले, वारंवार गोळे आले, तर डाळ लगेच बंद करा आणि डॉक्टरांना गाठा.

न कळत खाताय का, तेही बघा

लाखोळी स्वस्त असल्याने तूर डाळीत आणि हरभऱ्याच्या बेसनात तिची भेसळ होते. डाळ ताटात पसरून पाहा. तुरीचा दाणा गोलसर असतो. लाखोळीचा दाणा कोनदार, चौकोनीसर आणि एका बाजूला उतरता, पाचरीसारखा दिसतो. बेसनात मात्र डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून शक्य असेल तर हरभरा डाळ आणून गिरणीत दळून घ्या.

थोडक्यात

लाखोळीने माणसं पांगळी झाली हे खरं आहे. पण ती पांगळी झाली कारण त्यांच्या ताटात दुसरं काही नव्हतं. कधी दुष्काळाने, कधी मालकाने ते ठेवलं नव्हतं. ज्याच्याकडे भात, पोळी, भाजी आणि चार डाळी आहेत, त्याने महिन्यातून एक-दोनदा नीट भिजवून लाखोळीचे वडे खायला घाबरायचं कारण नाही. आणि "रोज खा, निरोगी राहा" असं सांगणारी पोस्ट पुढे पाठवायचंही काही कारण नाही. कारण ती पोस्ट अशा घरातही पोहोचू शकते, जिथे स्वस्त म्हणून फक्त हीच डाळ शिजते.