आरओ प्रेशर व्हेसल म्हणजे काय? कारखान्यातल्या त्या लांब नळ्यांचं काम

घरचा आरओ उघडलेला पाहिलाय? त्यात एक छोटी पांढरी नळी असते. मेम्ब्रेन तिच्यातच बसतं. वसईजवळ वालीवच्या एका कारखान्यात मी सेन्सरचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो, तेव्हा तिथे या नळीचा थोरला भाऊ दिसला. आठ इंच रुंद, माणसापेक्षा कितीतरी लांब. हेच प्रेशर व्हेसल.

एवढा दाब कशाला?
मेम्ब्रेनच्या एका बाजूला खारं आणि दुसऱ्या बाजूला गोडं पाणी ठेवलं, तर गोडं पाणी आपसूक खाऱ्याकडे जातं. आपल्याला हवं नेमकं उलटं. म्हणून पंपाने खारं पाणी ढकलायचं. खाडीलगतच्या बोअरच्या मचूळ पाण्याला त्यामानाने कमी दाब पुरतो. समुद्राच्या पाण्याला मात्र साधारण ५५ ते ७० बार लागतो. मुंबई महापालिकेच्या मनोरीच्या नियोजित प्रकल्पातही समुद्राचंच पाणी गोडं करायचं आहे. तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते.

आत काय असतं?
नेहमीचं औद्योगिक मेम्ब्रेन ८ इंच व्यासाचं आणि ४० इंच लांब असतं. एका व्हेसलमध्ये अशी १ ते ८ मेम्ब्रेन एकामागे एक बसतात. व्हेसल बहुधा एफआरपीचं असतं. काचेचे धागे इपॉक्सीत भिजवून साच्यावर गुंडाळतात, त्यामुळे ते हलकं राहतं आणि गंजत नाही. एका टोकाने खारं पाणी आत येतं, मधल्या नळीतून शुद्ध पाणी निघतं आणि उरलेलं रिजेक्ट वेगळं बाहेर पडतं.

झाकणापासून सावध!
दोन्ही टोकांना एंड कॅप असते. तिला रिंग अडवून धरते. आता हिशोब करा: ८ इंची झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. आत ३०० पीएसआय दाब असेल, तर झाकणावर १५,००० पौंड, म्हणजे जवळपास पावणेसात टन जोर!

त्या दिवशी पंप बंद होता. माझ्या स्क्रीनवर दाब शून्य. मी म्हटलं, "काका, उघडा आता." ऑपरेटर काकांनी आधी व्हेसलवरचा गेज दाखवला. काटा शून्यावर नव्हता! माझा सेन्सर व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला होता. दाब पलीकडे अडकलेला. काकांनी ड्रेन उघडला, काटा खाली आला, मगच रिंगला हात लावला.

तेव्हापासून माझ्या सॉफ्टवेअरमध्ये "पंप बंद" आणि "दाब शून्य" हे दोन वेगळे दिवे आहेत. आणि दुसऱ्या दिव्याचा सेन्सर व्हेसलवरच बसतो.