पाय वाचवायचा कसा? बर्गर ते मिरज

चिंचवडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की टपऱ्यांवर बिड्या पेटतात. समजा, त्यातल्या एखाद्या पस्तिशीतल्या कामगाराला चालताना तळपायात कळ येते, थांबलं की ती जाते. पुढे बोट काळं पडतं. हा बर्गरचा आजार असू शकतो. तंबाखूशी घट्ट जोडलेला, तरुण वयात पाय नेणारा. संशोधनात प्रश्न कसा बदलत जातो, हे याच्या इतिहासातून छान कळतं.

१९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गरने कापून टाकलेले ११ अवयव तपासले. त्याचा प्रश्न होता, आत झालंय काय? उत्तर मिळालं: रक्तवाहिन्यांना सूज आणि गुठळ्या. १९२०च्या दशकात शल्यचिकित्सक विचारू लागले, वाहिन्या सैल कशा पडतील? मग त्यांना आकसवणाऱ्या कमरेजवळच्या नसा कापणं सुरू झालं. बायपास इथे बहुतेकदा जमत नाही, कारण खालच्या बारीक वाहिन्याच बंद असतात, जोडणार कुठे?

तिसरा प्रश्न आला हाडांच्या शास्त्रातून. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह हाड कापून रोज साधारण १ मिमी ताणत असे. त्याला दिसलं की हाडासोबत नव्या रक्तवाहिन्याही वाढतात. मग रक्तपुरवठ्यासाठीच हाड ताणलं तर? आपल्या मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी बर्गरच्या रुग्णांवर हेच केलं. त्यांचा निबंध २०११ साली ‘इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स’मध्ये आला.

आता तुमच्या कामाची गोष्ट. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ शब्द आहे, म्हणजे झालेल्या उपचारांकडे मागे वळून पाहणं. अशा अभ्यासात एक पेच असतो. या आजारात तंबाखू पूर्ण सोडली तरी अनेकांचे पाय वाचतात. ऑपरेशनही झालं आणि बिडीही सुटली, तर जखम भरली कशामुळे? तुलनेला दुसरा गट नसेल तर सांगणं अवघड.

पण म्हणून असा अभ्यास टाकाऊ ठरत नाही बरं का! पाय कापायची वेळ आलेल्या माणसाला ‘तू तुलनेच्या गटात थांब’ म्हणणं सोपं नाही. पद्धतीचं पुस्तक वाचताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. आणि प्रस्ताव लिहिताना आधी स्वतःला विचारा: माझ्या उत्तराला दुसरं कोणतं कारण असू शकतं?