बोटीवरच्या जनरेटरला मोबाइल लावताय? आधी हे वाचा

हर्णैला मामाच्या मच्छीमार बोटीवर गेलो होतो. डेकवर छोटा पेट्रोल जनरेटर, त्यावर पाण्याची मोटर, दोन हॅलोजन आणि माझा फोन. मोटर बंद केली आणि चार्जर फट्! तांडेल हसला, "इथे असंच होतं." (एलईडी लावून मासे ओढणारे जनरेटर वेगळे, त्या मासेमारीवर बंदी आहे.)

आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. दोन पोलच्या साध्या जनरेटरला त्यासाठी मिनिटाला 3000 फेरे मारावे लागतात. मोटर चालू झाली की इंजिनवर लोड येतो. फेरे 2850 झाले की फ्रिक्वेन्सी 47.5 वर. मोटर अचानक बंद केली की उलटं. इंजिन क्षणभर उधळतं, व्होल्टेज उडी मारतं. एव्हीआर ते सावरतो, पण त्यालाही थोडा वेळ लागतोच.

गंमत म्हणजे फोनला फ्रिक्वेन्सीचं फारसं काही नसतं. चार्जरवर बघा, बहुतेक वेळा 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ लिहिलेलं असतं. त्याला मारतो तो हा झटका.

इन्व्हर्टर जनरेटर घेतला तर प्रश्न बराचसा सुटतो. तो आधी एसीची डीसी करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने नेमकी 50 हर्ट्झची एसी बनवतो. पण महाग पडतो.

माझं मत विचाराल तर मध्ये बॅटरी घाला. जनरेटर फक्त बॅटरी चार्जरला जोडायचा. जीपीएस, व्हीएचएफ आणि फोन बॅटरीवर. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे: वर पाणी कसंही चढो, खालचा नळ सारखाच चालतो. फोनला गाडीतला यूएसबी चार्जर पुरतो, 24 व्होल्टची बॅटरी असेल तर त्यावर 24 लिहिलंय ना ते बघा. लॅपटॉपसाठी 230 हवेच असतील तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर.

इंजिन स्टार्ट करायची बॅटरी मात्र वेगळीच ठेवा. स्टार्टर मारला की तिचं व्होल्टेज धाडकन पडतं आणि जीपीएस रीस्टार्ट होऊ शकतो. रात्री खडकांजवळ तो अर्धा मिनिट फार मोठा वाटतो. वायरही जाड हवी. 12 व्होल्टवर 120 वॅट म्हणजे 10 अँपिअर.

आणि पाऊस आला म्हणून जनरेटर केबिनमध्ये ओढू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या खलाशाला तो उठू देत नाही. पेट्रोल भरायचं तेही जनरेटर बंद करून, गार झाल्यावरच.